भाऊ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, दारू सुटत नाही. उपचार कुठून सुरू करायचे?

फोंड्याची बहीण:

नमस्कार. लग्न होऊन मी फोंड्याला असते. माहेर सत्तरीत, वाळपईहून बरंच आत. संध्याकाळची शेवटची बस आमच्याच गावात मुक्काम करते आणि सकाळी तीच परत निघते, एवढं ते टोकाला आहे. घरी आई, वय 68, आणि धाकटा भाऊ, वय 41. वहिनी गेल्या मे महिन्यात मुलाला घेऊन माहेरी गेली. तिला मी दोष देत नाही. सरकारच्या गृह आधार योजनेचे 1500 रुपये बँकेत जमा झाले की त्याच दिवशी हा तिच्यामागे लागायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाऊ वायरमन. कुणाचा पंप बंद पडला, मीटरकडे ठिणगी उडाली की आमच्या भागात पहिली हाक त्याला. आता त्याला कुणी शिडीवर चढू देत नाही. पक्कड, टेस्टर ठेवायची पिशवी ओसरीवरच्या खिळ्याला तशीच टांगलेली आहे. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची चौकट, बांधायचं काम घरात त्याचंच. रानात जाऊन माट्टी, कांगली, घागऱ्या तोच शोधून आणायचा. गेल्या चवथीला त्याला सुतळीची गाठ मारता येईना. शेवटी माझ्या नवऱ्याने बांधली आणि भाऊ मागच्या दारी जाऊन बसला, आरतीलाही आला नाही.

सकाळी हात इतके थरथरतात की आई चहा अर्धाच कप भरते. तोही तो कप खालीच ठेवून, वाकून ओठ लावून पितो. मग बाहेर जातो, तासाभराने येतो तेव्हा हात थांबलेले असतात. दिवसाला तीन क्वार्टर तरी होतात. आता मार्च संपतोय, काजूच्या भट्ट्या पेटल्यात, सगळ्या वाड्याला बोंडूंचा वास आहे, त्यामुळे हुर्राक, काजूची ताजी दारू. तो तर मागायलाही लागत नाही, भट्टीवर बसलं की कुणीतरी ग्लास पुढे करतंच.

आम्ही काही केलं नाही असं नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं, त्याने नारळावर हात ठेवून शपथ घेतली, दोन महिने पाळलीही. गेल्या श्रावणात त्याने स्वतःहून एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरून मुंग्या वेचायला लागला. मुंगी एकही नव्हती. मग आमच्या बाबांशी बोलायला लागला, ते जाऊन नऊ वर्षं झाली. घामाने चादर भिजली होती. शेजारी म्हणाले देवचाराचं, भुताचं आहे, एकाला बोलावून आणलं, त्याने अंगारा लावला. दोन दिवसांनी तो झोपला आणि उठल्यावर त्याला काहीच आठवेना. त्यानंतर तो सोडायला घाबरतो. आईही घाबरते. तीच आता सकाळी थोडी कपात ओतून देते.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी आहेत. एकाने एका केंद्राचा नंबर दिलाय, ते घरातून माणूस उचलून नेतात, तीन महिने ठेवतात. आणि वहिनीच्या भावाने एक पुडी मागवली आहे, चहात मिसळायची, पिणाऱ्याला कळत नाही आणि दारूची किळस येते म्हणे. पुडी माझ्या कपाटात आहे. अजून दिलेली नाही. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आई रडते, म्हणते तिथे नेलास तर उद्या नातवाच्या सोयरिकीला लोक म्हणतील बाप वेडा होता.

कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. सुरुवात कुठून करू?

डोंगरकडचा:

ताई, पुडी देऊन बघा. आमच्या शेजाऱ्याला त्याच्या बायकोने अशीच दिली होती. तो दोनदा एवढा ओकला की महिनाभर बाटलीला शिवला नाही.

निवृत्त सिस्टर:

बाये, ती पुडी आजच्या आज घरातून काढ. पाकिटावर औषधाचं नाव असेल तर डॉक्टरांना दाखवण्यापुरतं पाकीट ठेव.

मी सरकारी आरोग्य खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत. अशा पुड्यांत बहुतेकदा काय आहे तेच कळत नाही. कधीकधी त्यात डायसल्फिराम असतं. हे औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर आणि हृदय तपासून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्यावर. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातं. यात माणसं गेलेली आहेत. शेजाऱ्याला ओकारीवर भागलं ते त्याचं नशीब. आणि चहात काहीतरी घातलंय हे एकदा कळलं की तो आईच्या हातचा चहाही पिणार नाही, मग औषध कुणाच्या हातून घेईल?

आता श्रावणातल्या त्या रात्रीबद्दल. तो देवचार नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की मेंदू खवळतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो: मुंग्या, किडे, मेलेली माणसं दिसणं, दिवस-रात्र न कळणं. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यातही माणूस दगावतो. आमच्याकडे दर श्रावणात पहिल्या आठवड्यात असे रुग्ण यायचे. पिणारे श्रावण पाळायचे म्हणून एका दिवसात बंद करतात, तिसऱ्या रात्री घरचे आधी अंगारेवाल्याकडे जातात आणि फिट आल्यावर 108 ला फोन करतात. तुझा भाऊ वाचला हे देवाचे उपकार मान, पण पुन्हा तसं घरी करू नको. एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी तसंच किंवा जास्त होण्याची शक्यता असते.

म्हणून तुझी आई सकाळी थोडी ओतून देते त्यासाठी तिला रागवू नको. तिला नाव माहीत नाही, पण धोका तिने ओळखला आहे. डॉक्टर हाती येईपर्यंत एकदम तोडण्यापेक्षा ते बरं. हेच काम रुग्णालयात गोळ्यांनी करतात. पाच ते सात दिवस डोस हळूहळू उतरवत नेतात. सोबत बी-1 जीवनसत्त्वाची सुई. ही सुई लक्षात ठेव. पिणारा जेवत नाही, त्याच्या अंगात बी-1 उरलेलं नसतं. अशक्तपणा आला म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी बी-1, मग ग्लुकोज. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावायला निघाले तर दारूचं स्पष्ट सांग. घरचे लाजेने "ताप आहे" सांगतात आणि तिथे घात होतो.

सुरुवात वाळपईच्या आरोग्य केंद्रातून कर. तू एकटी गेलीस तरी चालेल. जे इथे लिहिलंस ते तिथे सांग, मुंग्यांसकट. मानसिक आरोग्याचे डॉक्टर तिथे कोणत्या दिवशी येतात ते विचार. तुझ्या भावाला मात्र दाखल करूनच सोडवावी लागेल, असं तुझ्या वर्णनावरून मला वाटतं. त्यासाठी बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, गोवा मेडिकल कॉलेजच्या (जीएमसी) जवळच. तिथे व्यसनमुक्तीचा विभाग आहे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे, पण सत्तरीच्या माणसाला बसने पणजीमार्गे बांबोळी सोपं पडतं.

आईला एवढंच विचार, साखर झाली म्हणून जीएमसीत नेलं तर कुणी नाव ठेवतं का? ती नाहीच ऐकली तर सरळ सांग, हातांची थरथर दाखवायला नेतोय. ते खोटं नाही.

रात्रीबेरात्री कुणी नसेल तर 14416 ला फोन कर. टेली-मानस, सरकारी सेवा, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळा नंबर 14446.

आणखी एक, तुझ्या भावासाठी नाही पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. पिणारा प्रत्येक माणूस दाखल करायच्या पायरीवर पोचलेला नसतो. गोव्यातल्याच 10 आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने एक अभ्यास केला, 2017 च्या जानेवारीत तो द लॅन्सेटमध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी त्यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. ज्यांचे हात अजून थरथरत नाहीत त्यांनी या पायरीवरच यावं, हे मी कळवळून सांगते.

जुना ट्रकवाला, डिचोली:

ताई, सिस्टरांनी सांगितलं त्यापुढचं मी सांगतो, कारण मी त्या खाटेवर झोपलेला माणूस आहे.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन ट्रक होते, एकाचे हप्ते चालू होते. अंगणात ताडपत्री घालून उभे केले. दुसऱ्या पावसाळ्यात टायरांच्या मधून कमरेएवढं गवत आलं. मी सकाळी उठून ते गवत बघायचो आणि प्यायला जायचो. खाण बंद पडली म्हणून पितो, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगितलं. आमच्या वाड्यावर अकरा ट्रकवाले होते. सगळ्यांचे ट्रक उभे राहिले, सगळे पीत नव्हते. हे मला कळायला फार वेळ लागला.

उचलून नेणाऱ्या केंद्राबद्दल आधी. 2015 मध्ये मला नेलं होतं. काकांनी चांगल्या मनानेच पैसे भरले, त्यांच्यावर माझा राग नाही. कुठलं ते लिहीत नाही. रात्री साडेअकराला गाडी आली, चौघं उतरले, मला चपलाही घालू दिल्या नाहीत. एका खोलीत एकवीस जण. पहिल्या तीन रात्री पायाला साखळी, कारण मी ओरडत होतो. सिस्टर म्हणतात तो भ्रम मला तिथे झाला आणि डॉक्टर एकही आला नाही. बाजूच्या खाटेवर एक पोरगा होता, तो माझ्या तोंडात साखरपाणी घालायचा. साडेतीन महिन्यांनी घरी आलो. चौथ्या दिवशी प्यायलो. तिथे मला दारूबद्दल काही शिकवलंच नव्हतं, फक्त कडी लावली होती.

सगळी खाजगी केंद्रं तशी नाहीत. मन लावून काम करणारीही आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, त्यांचा कार्यक्रम 35 दिवसांचा आहे, आमच्या ओळखीतले दोघे तिथून सुधारून आले. पण कुठेही पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघा. आत खोलीपर्यंत जाऊ देत नसतील तर परत फिरा. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. त्याच कायद्याने साखळी घालायला पूर्ण बंदी आहे. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा. आपल्या माणसाशी फोनवर बोलता येईल का तेही विचारा.

आता मी सुटलो कसा ते. माझे उपचार माझ्या बायकोपासून सुरू झाले. मी डॉक्टरकडे जायच्या चार महिने आधी ती एकटी समुपदेशकाकडे जायला लागली. मला पत्ताच नव्हता. मला फक्त एवढं दिसलं की घरात काहीतरी बदललंय. आधी मी कामावर गेलो नाही की ती मुकादमाला फोन करायची, "त्यांना ताप आलाय". ते बंद झालं. मुकादमाचा फोन आला की फोन माझ्या हातात. आधी मी रात्री ओकलो की सकाळपर्यंत सगळं पुसून काढायची, मला काही झालंच नाही असं वाटायचं. तेही बंद. उसने आणलेले पैसे फेडणं बंद. पण जेवण वेळेवर, आणि एक शिवी नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, प्यायला निमित्त मिळालं असतं.

फेब्रुवारी 2017. रात्री मी न्हाणीच्या पायरीवर पडलो, कपाळाला चार टाके. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आरशात बघत उभा होतो. ती मागे येऊन म्हणाली, "साडेआठची बस आहे. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. येणार?" एवढंच. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, त्यात माझी चादरसुद्धा. मी गेलो. संध्याकाळी तिने तेच विचारलं असतं तर मी तिच्या अंगावर धावलो असतो. ताई, वेळ सकाळची धरा. पिलेल्या माणसाशी काही ठरवू नका. आणि तो हो म्हणेल त्या क्षणासाठी पिशवी, आधार कार्ड, बसचे पैसे, सोबत येणारा माणूस तयार ठेवा. तो "हो" दोन तासही टिकत नाही.

बारा दिवस मी बांबोळीत होतो. सातव्या दिवशी मी माझ्या शर्टाची बटणं स्वतः लावली. बाहेरून कुणाला ते काहीच वाटणार नाही.

पण खेड्यातल्या माणसाचा खरा कस घरी आल्यावर लागतो. दर पंधरा दिवसांनी तपासणीला जायचं. डिचोलीहून पणजी, पणजीहून बांबोळी, अर्धा दिवस रांगेत, परत. एक दिवसाची मजुरी बुडते. पाच महिने गेलो, मग एकदा चुकवलं, बरा आहे की. त्याच आठवड्यात एका लग्नात प्यायलो. पुन्हा गेलो. डॉक्टरांनी ओरडा केला नाही, ओढ कमी करणारी गोळी बदलून दिली आणि पुढची तारीख लिहिली. ऑगस्ट 2017 पासून थेंब नाही. घसरला म्हणजे सगळं फुकट गेलं असं घरच्यांनी धरू नका. त्याच आठवड्यात परत न्या.

आमच्या बस थांब्याला लागूनच बार आहे. सुरुवातीचं वर्षभर मी एक थांबा आधी उतरून चालत यायचो, शेतातून. खिशात तिकिटाएवढेच पैसे. गावातले चांगले लोकही "एक घे रे, एकाने काय होतं" म्हणतात, त्यांना वाईट करायचं नसतं, पण त्यांना कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, भाऊ बरा होऊन निघाला तरी त्याला लगेच सत्तरीत पाठवू नका. भट्ट्या मे अखेरपर्यंत चालतात. बोंडूंच्या वासात नवा सुटलेला माणूस टिकत नाही. तुमच्याकडे फोंड्याला ठेवा, मिरग लागून पाऊस पडू दे, भट्ट्या विझू देत, मग घरी.

शेवटी मीटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची आपसातली सभा. फी नाही, नाव-गाव कुणी विचारत नाही. मी जातो ती मीटिंग चॅपेलच्या बाजूच्या खोलीत भरते, म्हणून माझ्या आईला वाटलं मला बाटवायला नेतायत. तिला एकदा बरोबर घेऊन गेलो. तिथे कुणी कुठल्या देवाचं म्हणून विचारत नाही, ज्याला जसा देव समजला तसा. ती पूर्ण वेळ बसली, घरी येताना म्हणाली, "ती सगळी तुझ्यासारखीच बोलतात." घरच्यांसाठी वेगळी सभा असते, अल-ॲनॉन. तुम्ही जा, शक्य झालं तर आईला न्या.

पेडण्याची मावशी:

मधेच विचारते, माफ करा. माझ्या बहिणीचा मुलगा, वय 23, किनाऱ्यावर कामाला होता. दारू नाही, ब्राऊन शुगर, ती हेरॉईनची पूड. आम्हाला डॉक्टरांपेक्षा पोलिसांची भीती वाटते. नेलं तर तेच पोलिसांना कळवतील का?

निवृत्त सिस्टर:

उपचाराला येणाऱ्याला पोलिसांच्या हवाली करणं हे डॉक्टरांचं काम नाही, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच्यावर केस झालीच असेल, तीही फक्त सेवनाची किंवा थोड्या मालाची, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64अ आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. अटी असतात, त्यासाठी वकिलाला विचारा, पण त्यावाचून डॉक्टर थांबवू नका.

ब्राऊन शुगरला नुसतं बंद करून कोंडणं उपयोगाचं नाही. त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टर बराच काळ देतात, त्याने अंगदुखी, तडफड थांबते आणि मुलगा कामाला जाऊ शकतो. लोक म्हणतील एक नशा सोडवून दुसरी लावली. त्यांचं ऐकू नका. आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: काही आठवडे सुटल्यावर पुन्हा पहिल्याएवढीच घेतली तर श्वास बंद पडतो. अंगाची सवय गेलेली असते. ओठ निळे, घोरल्यासारखा आवाज, हाक मारून उठत नाही, असं दिसलं की 108, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा.

फोंड्याची बहीण:

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे उत्तर आईला वाचून दाखवले, देवचाराचा भाग दोनदा.

पुडी मी त्याच रात्री फेकली. 14416 ला आधी मीच फोन केला. बोलायला गेले आणि दहा मिनिटं नुसती रडले, पलीकडची बाई थांबली. मग आरोग्य केंद्रात गेले, मुंग्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि घरी एकदम बंद करू नका हेच बजावलं. पिशवी भरून आईच्या खाटेखाली ठेवली. ट्रकवाल्या काकांनी सांगितलं तसं मी सलग तीन शनिवार माहेरी राहिले आणि रविवारी सकाळी विचारलं. पहिल्या रविवारी तो उठून निघून गेला. दुसऱ्या रविवारी म्हणाला, "पुन्हा तसलं दिसेल." मी म्हटलं, दिसू नये म्हणूनच तिथे जायचं, तिथे औषध देतात, रात्री कुणीतरी जागं असतं. तिसऱ्या रविवारी त्याने ओसरीवरची ती हत्यारांची पिशवी काढून माझ्याकडे दिली, "ही सांभाळ, पावसात गंजतील." मला ते आधी कळलंच नाही. मग बघते तर चप्पल घालत होता.

आई शेवटपर्यंत नको म्हणत होती. निघताना तिनेच त्याच्या पिशवीत घरचं लोणचं घातलं.

चौदा दिवस ठेवून घेतला. आता तो माझ्याकडे फोंड्याला आहे. रात्री झोप नाही, चिडचिड आहे, काल जेवणाचं ताट सरकवून उठला. वहिनी एकदा फोनवर बोलली, मुलाने बोलायला नकार दिला, तेव्हा तो दिवसभर गॅलरीत बसून होता आणि मी खालच्या रस्त्यावर नजर ठेवून होते. मी कुठेतरी वाचलं की 2019 च्या सरकारी पाहणीप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. आमच्या वाड्यावर मी मोजायला बसले. नावं घेऊन सात झाले, त्यातला दवाखान्यात गेलेला हा एकटा.

पुढची तपासणी गुरुवारी. मिरगानंतर तो घरी जायचं म्हणतोय, नळाची आणि वायरिंगची कामं बोलावतायत. मला एकच काळजी, वाळपईहून संध्याकाळी जाऊन रात्री परतता येईल अशी मीटिंग कुठे आहे का? शेवटची बस चुकली तर त्याला रात्र स्टँडवर काढावी लागेल, आणि स्टँडसमोर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

जुना ट्रकवाला, डिचोली:

बस चुकायचा प्रश्न येऊ द्यायचा नाही. जूनपासून माझ्या मीटिंगच्या दिवशी त्याला दुपारच्या बसने डिचोलीला पाठवा, मी स्टँडवर उभा असेन. मीटिंग झाल्यावर रात्री मी त्याला माझ्या गाडीने घरापर्यंत सोडतो. सुरुवातीचे सहा महिने तरी. आईंना सांगा, दारात कंदील किंवा बल्ब काहीतरी लावून ठेवा, तुमच्या वाटेवर मी पूर्वी रात्री कधी गाडी घातलेली नाही.

तोवर फोंड्याजवळची मीटिंग कुठे आणि कोणत्या वारी असते ते उद्या विचारून कळवतो. गुरुवारच्या तपासणीला त्याच्याबरोबर तुम्ही जाताय ना? नाहीतर मी येतो, मला पणजीला काम आहेच.